ऑक्टाव्हिया व्हीआरएसचं स्टिअरिंग ‘बोलत’ नाही, सस्पेंशनमध्ये काय बदलू?

घाटवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, २०१८ ची, पहिल्या मालकाकडून घेतलेली. आज ६४,००० किमी झालेत. इंजिनाबद्दल काडीचीही तक्रार नाही. दोन लिटरचं टर्बो, २३० पीएस, ३५० एनएम. पसरणी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला की बायको डॅशबोर्ड धरते आणि मी निमूटपणे पाय काढतो.

प्रश्न स्टिअरिंगचा आहे. अचूक आहे, वळवाल तिथे जाते. पण पुढची चाकं नेमकी काय करतायत ते हाताला कळत नाही. याआधी माझ्याकडे अबार्थ पुंटो होती, आपल्या रांजणगावची, हायड्रॉलिक स्टिअरिंगवाली. ओलं डांबर संपून कोरडं लागलं तरी तळहाताला समजायचं. या गाडीत तसं काहीच नाही. वेग कळतो तो स्पीडोमीटर बघून, आणि पकड सुटतेय हे कळतं टायर ओरडायला लागल्यावर.

स्पोर्ट मोड लावून पाहिला, स्टिअरिंग नुसतं जड होतं. गॅरेजवाले म्हणतात लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली घेणाऱ्या) टाका, मित्र म्हणतो कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड). खर्चाची तयारी आहे, पण एकदम सगळं बदलायचं नाही. कशाने काय फरक पडतो ते एकेक करून समजून घ्यायचंय. कुठून सुरुवात करू?

चहाबिस्किट

रुमाल टाकून ठेवतो. माझी गाडी साधी आहे, पण असले धागे वाचायला आवडतात.

अर्धवट शहाणा

ओबीडी-इलेव्हन (गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं यंत्र) घ्या, मोबाइलवरून कोडिंग करा. स्टिअरिंगचं प्रोफाइल बदलता येतं. दहा मिनिटांचं काम, सस्पेंशनला हातही लावायला नको.

नेकारकाठ

कोडिंगने वजन बदलतं, बातमी बदलत नाही. आपल्याकडे या दोन गोष्टींची कायम गल्लत होते.

(मी श्टुटगार्टजवळ असतो, काम चॅसिसशी संबंधित. पुढचं सगळं सर्वसाधारण ज्ञान आहे, कोणत्याही कंपनीचं गुपित नाही.)

हाताला जे कळतं ते मुख्यतः एका गोष्टीतून: वळताना टायर चाकाला परत सरळ करू पाहतो, तो पीळ. त्या पिळाचे दोन भाग. पहिला कॅस्टरमुळे. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो वरून मागे कललेला असतो, म्हणून अक्षाची रेघ जमिनीला जिथे टेकते त्याच्या मागे टायरचा ठसा पडतो. मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक जसं आपोआप मागे पडतं, तसंच. दुसरा भाग टायरचा स्वतःचा. वळणात रबराचा ठसा पिळवटतो आणि बाजूचं बल ठशाच्या बरोबर मध्यावर न लागता थोडं मागे लागतं. गंमत पुढे आहे: पकड संपायच्या जरा आधीच हे मागेपण कमी व्हायला लागतं. म्हणजे टायरमध्ये अजून जीव शिल्लक आहे, पण स्टिअरिंग हळूच हलकं होतं. ‘बोलकं’ स्टिअरिंग म्हणजे हा क्षण हाताला कळणं.

आता इलेक्ट्रिक स्टिअरिंग. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला पिनियन हा छोटा दातेरी गिअर असतो, तो रॅक ही दातेरी पट्टी सरकवून चाकं वळवतो. त्या पिनियनपाशी एक बारीक टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा दांडा, असतो. तुम्ही तो किती पिळलात ते सेन्सर मोजतो आणि त्यानुसार मोटर मदत करते. तुमच्या गाडीच्या कुळात मोटर रॅकवर वेगळ्या, दुसऱ्या पिनियनमधून जोर लावते. मोटरचं जडत्व, गिअरचं घर्षण, वर सॉफ्टवेअरमधलं डॅम्पिंग, यात बारीक थरथर मरते. टॉर्शन बार हायड्रॉलिकमध्येही असतो, पण तिथे तो फक्त झडप उघडतो. त्याच्या आड मोटर नसते. मात्र तिथे इंजिनाला पंप सतत फिरवावा लागतो आणि इंधन जातं, म्हणून जवळजवळ सगळ्यांनी तो सोडला.

यातलं तुम्ही काहीच बदलू शकत नाही. पण टायरपासून रॅकपर्यंत येताना बातमी वाटेत कुठे कुठे सांडते, ते तुमच्या हातात आहे. टायरची भिंत, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, आणि हे सगळं ज्यावर बसतं त्या सबफ्रेमची, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीची, बसण. २०११ मध्ये पोर्शची ९९१ पिढीची ९११ इलेक्ट्रिक स्टिअरिंग घेऊन आली तेव्हा इकडे सुतक पडलं होतं. पुढे त्याच पिढीच्या जीटी३ चं स्टिअरिंग लोकांनी डोक्यावर घेतलं. तीही इलेक्ट्रिकच होती.

अर्धवट शहाणा

बरं बाबा. आयडी सार्थ ठरवला मी.

रविवारचा ड्रायव्हर

नेकारकाठ, प्रतिसाद जपून ठेवतोय.

घाटवेडा, लोअरिंग स्प्रिंगबद्दल माझा अनुभव ऐका. गाडी वेगळी, पण पुढे मॅकफर्सन स्ट्रटच (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात). ४० मिमी खाली घेतली. फोटोत अशी दिसायची की विचारू नका. स्टिअरिंग मात्र बिघडलं. खड्ड्यावर चाक वर गेलं की गाडी आपली आपणच अर्धा हात बाजूला सरकायची. पुढे कोणीतरी सांगितलं की त्याला बम्प स्टिअर म्हणतात. शिवाय सोसायटीच्या गतिरोधकावर दर संध्याकाळी पोट घासायचं आणि वॉचमन हसायचा. आठ महिन्यांत जुन्या स्प्रिंग परत बसवल्या.

नेकारकाठ

रवि, त्यामागचं कारण सांगतो, कारण हे फार लोकांचं होतं. मॅकफर्सनमध्ये गाडी खाली घेतली की लोअर आर्म आडवा होतो किंवा चाकाकडचं टोक वर जातं. त्यामुळे रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली जातं, आणि ते गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. दोघांतलं अंतर वाढलं की कलण्याची ओढ वाढते. स्प्रिंग कडक केल्याने मिळालेलं बरंचसं इथे परत जातं. टाय रॉड (रॅकपासून चाकाला वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म यांचे कोनही जुळेनासे होतात, म्हणून चाक वर-खाली होताना टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो. तेच तुमचं ‘आपली आपण सरकणं’. १५-२० मिमीपर्यंत ठीक. त्यापुढे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडची उंची सुधारावी लागते, आणि ते सहसा कोणी करत नाही.

तेलकट बोटं

कोल्हापूरहून बोलतोय, गॅरेज आहे, सोळा वर्षं लोअर आर्म काढतोय-घालतोय. पुस्तकी बोलता येत न्हाई, हाताचं सांगतो.

भावा, गाडी पयली लिफ्टवर घ्या. ६४ हजार झालेली गाडी आणि तुम्ही नवीन पार्ट कुठला घालू इचारताय. अगोदर जुनं काय मेलंय ते बघा की.

चाक नऊ-तीनला धरून हलवा. खेळ लागला तर टाय रॉड एंड न्हाईतर रॅक एंड. बारा-सहाला धरून हलवा, तिथं लागला तर बॉल जॉइंट न्हाईतर बेअरिंग. मग टोमी घालून लोअर आर्मचा मागचा मोठा बुश दाबून बघा. त्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असत्यात, त्या दिसल्या म्हणून घाबरू नका. पण रबराला चीर गेली असंल, लोखंडापासून सुटलं असंल, तर संपला.

आणि टायरवरचा चार आकडी नंबर बघा. पयले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. नक्षी किती उरली ते नको सांगू, साल सांगा.

घाटवेडा

तेलकट बोटं, काल संध्याकाळी पाहिलं. टायरवर ०९१८. म्हणजे गाडीबरोबर आलेलेच! नक्षी बरी होती म्हणून मी खूश होतो. नखाने दाबलं तर रबर नाही, चिंचेचं लाकूड.

दोन्ही बाजूंचा मागचा बुश फाटलाय, डावा जास्त. पण हे बुश २१,००० किमीपूर्वी बदलल्याचं बिल जुन्या मालकाच्या फाइलमध्ये आहे. इतक्यात कसे गेले?

तेलकट बोटं

हे हमखास होतंय. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत, आणि तशातच बोल्ट फायनल आवळून टाकला. रबरी बुश म्हंजे काय बेअरिंग न्हवं. आतली नळी आणि भायरची नळी यांना रबर चिकटवलेलं असतंय, ते फिरत न्हाई, पिळतं. लोंबकळत्या स्थितीत आवळला की गाडी जमिनीवर आल्यावर ते कायमचं पिळलेलंच ऱ्हातं. दर खड्ड्याला आणखी पिळतं. मग २० हजारात चीर.

बोल्ट हातानं लावायचे, चाकं वजनावर आणायची, न्हाईतर जॅकनं हब (चाक ज्यावर बसतंय तो भाग) उचलून गाडी उभी असते त्या उंचीवर आणायचा, आणि मग टॉर्क. माझ्या पोरांना पयल्या दिवशी हेच शिकवतो. कुठल्या गॅरेजनं केलं ते हितं लिहू नका, उगं वाद.

घाटवेडा

नाव मला माहीतच नाही, बिलावरचा शिक्का पुसट आहे. आता प्रश्न हा की परत ओरिजिनल रबर घालू की पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिक, थोडक्यात पॉली)?

कोपऱ्यातली

या विषयावर भांडण होणार, म्हणून आधीच माझं बोलून घेते. मी ऑटोक्रॉस (आखलेल्या छोट्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळाशी शर्यत) करते, माझ्या गाडीत पुढे पूर्ण पॉली आहे. स्पर्धेत मस्त. रोज ऑफिसला जाताना वैताग. पावसाळ्यात तांबडा चिखल आत गेला की जुन्या पलंगासारखी कुरकुर. दर दोन वर्षांनी काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवते.

घाटवेडा, तुम्ही रोजच्या वापराची गाडी म्हणताय. मग सगळीकडे पॉली नको. मागचा मोठा बुश तेवढा करा, कारण ब्रेक मारताना आणि वळताना आर्म पुढे-मागे सरकतो तो तिथेच. पुढचा छोटा बुश ओरिजिनल रबरी ठेवा.

आणि त्याच्याही आधी टायर. शंभरातले साठ गुण टायरला.

तेलकट बोटं

ताई बरोबर बोलताय. फक्त एक, पॉलीत पण शंभर प्रकार. ऑनलाइन स्वस्तातलं लाल-निळं काही घेऊ नका. मागच्या वर्षी एक पोरगं घेऊन आलं होतं, तीन महिन्यांत बटर झालं.

नेकारकाठ

पॉवरफ्लेक्सच्या रंगांवरून कडकपणा कळतो: पिवळा ७० शोअर (कडकपणाचं माप, आकडा जास्त तितका कडक), जांभळा ८०, काळा ९५. रस्त्यासाठी जांभळ्याच्या पुढे जाऊ नका. काळा ट्रॅकच्या गाड्यांसाठी.

आणखी एक पर्याय, सुपरप्रो किंवा व्हाइटलाइनचे ऑफसेट बुश. त्यात बोल्टचं भोक मध्यावरून थोडं बाजूला असतं, त्याने कॅस्टर वाढतो. स्टिअरिंग मध्यावर परत येताना जास्त निश्चयाने येतं, वळणात बाहेरच्या चाकाला निगेटिव्ह कॅम्बरही (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं) थोडा जास्त मिळतो. लोकांना खूप आवडतं.

माझं मत मात्र जपून. कॅस्टरमुळे येणारा पीळ फार मोठा झाला की टायरची ती बारीक ‘हलकं होतंय’ ची कुजबुज त्याखाली दबते. आणि पुढच्या चाकांवर ३५० एनएम असताना ओबडधोबड रस्त्यावर स्टिअरिंग हातातून ओढलं जाण्याची सवयही वाढते. अबार्थची बोलकी सवय परत हवी असेल तर मी मध्यभागी भोक असलेलाच बुश घेईन.

अवांतर: जर्मनीत असा बुश बदलायचा तर कागदपत्रं लागतात. सुट्या भागाला स्वतःची परवानगी नसेल तर ट्यूफकडे (वाहन तपासणारी संस्था) जाऊन गाडीच्या कागदात नोंदवावा लागतो, नाहीतर तपासणीत नापास. कडक बुशसाठी फॉर्म भरणारा मराठी माणूस हे दृश्य माझ्या वडिलांना अजून पटत नाही.

चहाबिस्किट

भारतात यावर कायदा काय म्हणतो? वाद नको, नुसतं कुतूहल.

कोपऱ्यातली

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी गाडी विसंगत होईल असा बदल नको. बुश, टायर त्याच मापाचे, शॉकअप मूळ उंचीचे, यात आरसीतलं काही बदलत नाही. तरी विमा कंपनीला लेखी कळवलेलं बरं, क्लेमच्या वेळी कटकट नको. यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

घाटवेडा

अपडेट, तीन आठवड्यांनंतर.

टायर बदलले. मापं तीच, २२५/४५ आर१७, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४. पहिल्याच वळणाला हसू आलं. निम्मी ‘मुकी’ गाडी म्हणजे लाकडी टायर होते तर.

मग अलाइनमेंट. पहिल्या ठिकाणी पोराने स्टिअरिंगला कुलूपदांडी न लावताच पुढचा टो ‘हिरवा’ केला आणि मागची चाकं मोजलीच नाहीत. घरी येईपर्यंत सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे दहा अंश तिरकं. पैसे गेले ते गेले. दुसऱ्या ठिकाणी चारही चाकं मोजून छापील कागद घेतला. पुढचा कॅम्बर डावा उणे ०°१५', उजवा उणे ०°५०'. तो म्हणाला, पुढे कॅम्बर ॲडजस्ट होत नाही, चालतंय. खरंच चालतंय का?

तेलकट बोटं

न्हाई चालत. आणि पुढं ॲडजस्ट होत न्हाई हे पण अर्धंच खरं.

काही गाड्यांत स्ट्रट हबला दोन बोल्टनं धरलेला असतो, तिथं कॅम्बर बोल्ट घालता येतो. तुमच्यात हब स्ट्रटला मिठी मारून धरतोय, म्हणून ते शक्य न्हाई. पण तुमच्या आकड्याकडं बघा की. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला तेवढाच कमी. बेरीज ठीक, वाटणी चुकलेली. म्हंजे सबफ्रेम उजवीकडं सरकलाय. उजव्या चाकाचं बूड भायेर ढकललं, डाव्याचं आत ओढलं.

बोल्ट जाडीला बारीक, भोक मोठं, मधी फट. सबफ्रेम कधीतरी खाली उतरवला असंल आणि बसवताना अंदाजानं बसवला. न्हाईतर एखादा बेकार खड्डा. ब्रेक दाबून स्टिअरिंग फिरवलं, न्हाईतर रिव्हर्समधून डी ला टाकून ब्रेक मारला, तर पायाखाली ‘टक्’ असा एकच आवाज येतोय काय?

घाटवेडा

येतो!! पार्किंगमधून निघताना रोज येतो. मला वाटायचं गिअरबॉक्स.

नेकारकाठ

तेलकट बोटं यांना दंडवत. हेच लिहायला येत होतो.

या कुळातल्या गाड्यांत स्टिअरिंग रॅक सबफ्रेमवरच बोल्ट केलेला असतो. लोअर आर्मही त्याच सबफ्रेमला. आता सबफ्रेम स्वतःच अर्धा मिलिमीटर सरकत असेल तर तुम्ही कितीही महाग बुश घाला. ज्या पाटावर बसून जेवताय तो पाटच हलतोय.

यावर उपाय म्हणजे कॉलर किट. टायरोलस्पोर्टचं डेडसेट हे त्यातलं ओळखीचं नाव. होंडावाल्यांना स्पूनचे रिजिड कॉलर माहीत असतील, तत्त्व तेच. बोल्टभोवती बसणारे कॉलर भोकातली फट भरून काढतात आणि सबफ्रेम दर वेळी त्याच जागी बसतो. बुशसारखा आवाज वाढत नाही, कारण रबर कुठे काढलेलंच नसतं. माझ्या मते या कुळातल्या गाडीसाठी पैशाच्या मानाने सगळ्यात मोलाचं काम. बुशआधी हे.

बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळून मग कोनाने फिरवायचे, त्यात ते ताणले जातात. जुने परत घालू नका.

कोपऱ्यातली

एकदा सबफ्रेम उतरवायचाच आहे तर बुश त्याच वेळी करून घ्या, मजुरी एकदाच. फक्त मग घाटवेडांना कशाने काय फरक पडला ते वेगवेगळं कळणार नाही. शास्त्र की पाकीट, ठरवा.

रविवारचा ड्रायव्हर

पाकीट. कायम पाकीट.

घाटवेडा

शास्त्र! बायकोला सांगू नका.

तेलकट बोटं

दोनदा मजुरी देणारं गिऱ्हाईक पयल्यांदाच बघतोय. या कोल्हापूरला.

घाटवेडा

अपडेट, आणखी पाच आठवडे उलटले. मुहूर्त लागला एकदाचा.

कोल्हापूरलाच गेलो. तेलकट बोटं यांनी सकाळी आठला सबफ्रेम खाली घेतला. चारला कॉलरसकट परत वर, नवे बोल्ट, मग चारही चाकांची अलाइनमेंट आणि स्टिअरिंग अँगल सेन्सर, म्हणजे जी८५, मध्यावर शिकवणं. कॅम्बर आता डावा उणे ०°३१', उजवा उणे ०°३४'. बुश मुद्दाम फाटकेच ठेवले. शास्त्र.

परतीच्या वाटेवर पहिल्या तासात निराश झालो. काही वेगळं वाटेना. मग लक्षात आलं की मी हायवेवर एक हात ढिला ठेवून चालवतोय, आणि ‘टक्’ गायब आहे. खंबाटकीची वळणं आली तेव्हा पटलं. आधी स्टिअरिंग वळवलं की गाडी वळायच्या आधी एक छोटासा विचार करायची. तो विचार गेला. बातमी वाढली म्हणता येणार नाही, पण उत्तर ताबडतोब यायला लागलं.

तीन आठवड्यांनी परत गेलो आणि बुश. पुढचे छोटे नवे रबरी, वजनावर आणून आवळलेले (डोळ्यांनी पाहिलं). मागचे जांभळे, मध्यभागी भोकाचे.

आणि आता, मंडळी, आवाज ऐकू येतोय. हातातला. पसरणीत वरून चौथं वळण आहे, तिथे कडेला कायम बारीक खडी असते. परवा डावं चाक तिच्यावरून गेलं ते मला आधी हातात कळलं, मग कानाला. ओढून धरलं की वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग भरून येतं आणि अगदी कडेला किंचित रिकामं होतं. नेकारकाठ, तुमचा तो क्षण, हाच ना?

अबार्थइतकं नाही. ती गप्पा मारायची, ही मोजकं बोलते.

वाईट बाजू: सिमेंटच्या रस्त्यावरचे सांधे आता मोजता येतात. ८० च्या आसपास बारीक गुणगुण केबिनमध्ये येते. बायकोने विचारलं, “गाडी दुरुस्त केलीस ना? मग आवाज का वाढला?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नेकारकाठ

हाच तो क्षण. अभिनंदन.

कोपऱ्यातली

मस्त! हवेचा दाब खेळून पाहा. थंड टायरला पुढे २ पीएसआय कमी-जास्त करून एकाच वळणावर फरक बघा. फुकटचा प्रयोग आहे. आणि स्टिअरिंग घट्ट पकडू नका, पापडाच्या लाटीसारखं हलकं धरा. मी शिकवते त्यातले निम्मे लोक स्टिअरिंग मुकं आहे म्हणतात आणि पकडलेलं असतं मात्र बसच्या दांडीसारखं.

अर्धवट शहाणा

आता शॉकअप? बिलस्टीन बी६ की बी८? मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडा)?

नेकारकाठ

बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी, बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी. घाटवेडांना काही घ्यायचंच असेल तर बी६. शॉकअपने बातमी नवीन येत नाही, पण चाक रस्त्याला चिकटून राहतं, त्यामुळे बातमी तुटक येत नाही. मूळ शॉकअप ६४ हजारांनंतर थकलेले असणारच.

मागच्या जाड बारने पुढचं नाक जास्त उत्सुक होतं. लोक त्यालाच ‘स्टिअरिंग सुधारलं’ म्हणतात. खरं तर सुधारलेला असतो गाडीचा समतोल. वाईट नाही, पण ओल्या घाटात अचानक पाय काढला की मागचं टोक फिरायला उत्सुक होतं हे लक्षात ठेवा.

घाटवेडा

बार नको मग. पावसाळ्यात आंबेनळीने कोकणात जातो, मुलं मागे असतात. शॉकअप पुढच्या वर्षी.

एक शेवटची शंका. काल पहिला जोराचा पाऊस झाला. आज सकाळी पार्किंगमधून निघताना पुढून डावीकडे ‘कुंई’ असा आवाज. उजवीकडे नाही. जांभळा बुशच असेल का?

तेलकट बोटं

पाणी मारून बघा. भिजवल्यावर दहा मिनिटं गप्प बसला तर बुशच. गप्प न्हाई बसला तर अँटी-रोल बारची डावी लिंक बघा, ती मागल्या वेळी मला जरा संशयी वाटली होती, बोलायचं राहून गेलं. ग्रीस घेऊन बसलोय, रविवारी या. डबा आणू नका, तांबडा-पांढरा हाय.

चहाबिस्किट

मलाही बोलवा. गाडी नाही आणत.